वीस बाण, एक डबा

सोमवार, ३ मार्च

फॅमिली डॉक्टर म्हणाले, राग बोलून दाखवायचा नाही, लिहून काढायचा. आणि फारच अनावर झाला तर काही न बोलता खोलीतून बाहेर पडायचं. ब्लडप्रेशरचा वरचा आकडा बघून त्यांनी भुवया उंचावल्या. खरं तर मला तेव्हाच राग आला होता, पण लिहायला हाताशी काही नव्हतं.

येताना ही वही घेतली. रेघांची मागितली, दुकानदाराने कोरी दिली. घरी आल्यावर कळलं. त्याच्यावर चिडलो नाही. म्हणजे चिडलो, पण तो समोर नव्हता.

संकल्प : यापुढे चिडायचं नाही.

मंगळवार, ४ मार्च

ऑफिसात मोठं काम आलं. आमची कंपनी हॉस्पिटलच्या वेटिंग रूमसाठी बोर्ड बनवते. पेशंटचं नाव, कुठलं ऑपरेशन, आणि पुढे ‘आत नेलं’, ‘सुरू आहे’, ‘झालं’. नातेवाइकांनी खुर्चीत बसून बघायचं, सारखं काउंटरवर जाऊन डोकं खायचं नाही. आजवर बोर्डामागे अख्खा कॉम्प्युटर बसवायचो. आता एक स्वस्तातली चिप येणार. तिच्यावर सी भाषेशिवाय काही चालत नाही.

साहेबांनी विचारलं, सी कोणाला येतं. थंडोबाने हात अर्धा वर केला. मी पूर्ण केला. काम मला मिळालं.

थंडोबा म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा इसम. त्याला राग येत नाही. मागे एसीचं पाणी गळून त्याच्या कीबोर्डवर पडलं, तर गड्याने कीबोर्ड खिडकीत उलटा वाळत घातला आणि चहाला गेला. अशा माणसाच्या हातात हॉस्पिटल द्यायचं?

सी तर मी कॉलेजातच कोळून प्यायलोय.

बुधवार, ५ मार्च

सासऱ्यांनी आज चहा कपाऐवजी टेबलक्लॉथवर ओतला. वर हिलाच विचारलं, कप हलवलास कशाला.

सासरे वजनमापं खात्यातून रिटायर झालेत. उभा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेला. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण कबूल करायचे नाहीत. गेल्या आठवड्यात जिन्याची शेवटची पायरी त्यांना दिसलीच नाही. हिने दंड धरला म्हणून बचावले. तेव्हापासून ही त्यांच्या मागे लागली आहे की ऑपरेशन करून घ्या. ते ढिम्म.

आज मूळ कारण बाहेर पडलं. सासूबाईंना ऑपरेशनला आत नेलं होतं तेव्हा हे बाहेर बाकावर बसून होते. दुपारपासून संध्याकाळपर्यंत कोणी काही सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हणाले, मला भीती डोळ्याची नाही गं, पण तुला तसं बाहेर बसवणार नाही.

ही पदर तोंडाला लावून उठली. मला भयंकर राग आला, त्या हॉस्पिटलचा. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, बाबा, माझाच बोर्ड लागतोय या महिन्यात, आपल्या जवळच्याच हॉस्पिटलात. तुम्ही आत कुठे आहात, काय चाललंय, तिला बाहेर क्षणाक्षणाला दिसेल.

सासऱ्यांनी विचार केला. जावईबापू, बोर्ड खरं दाखवतो ना, तपासलाय ना कोणी, असं दोनदा विचारलं. मग म्हणाले, बोर्ड लागला तर येतो.

हिने माझ्याकडे असं पाहिलं की मला आमचा लग्नाचा अल्बम आठवला. सत्तावीस तारीख ठरली. त्याच दिवशी बोर्ड सुरू, त्याच दिवशी डोळा.

शुक्रवार, ७ मार्च

सुरुवात झकास. वीस पेशंट, म्हणून वीस पॉइंटरचं एक अ‍ॅरे, म्हणजे रांग. पॉइंटर म्हणजे बाण. नाव काही बाणात नसतं. नाव मेमरीत कुठेतरी बसलेलं असतं, बाण नुसता तिकडे बोट दाखवतो. वीस बाण, वीस नावं. शेंबड्या पोरालाही कळेल.

बाण तयार केले. म्हटलं, आता पहिल्या बाणात पहिलं नाव कॉपी कर. प्रोग्रॅम आडवा. पुन्हा केलं. पुन्हा आडवा. वर कारण काय, तर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’. बस्स! काय चुकलं, कुठे चुकलं, काही नाही. सरकारी काउंटरवरचा माणूससुद्धा याहून जास्त बोलतो.

थंडोबाने खालच्या पट्टीत विचारलं, बाण रोखलाय कुठे? नाव ठेवायला आधी जागा मागून घेतलीत का? नाही म्हणजे, बाण आहे पण पलीकडे काहीच नाही, असं झालं असेल.

माझ्या बाणांची चौकशी करणारा हा कोण? तळपायाची आग मस्तकात गेली. खोलीबाहेर गेलो.

सोमवार, १० मार्च

कंपायलर, म्हणजे माझं सी चिपला समजेल असं करून देणारा, वॉर्निंगवर वॉर्निंग देतोय. पिवळ्या अक्षरात. अमुक ठिकाणी असं करू नका, तमुक ठिकाणी धोका. घरी ही, दवाखान्यात डॉक्टर, आणि आता हा.

दुपारी वॉर्निंग बंद करायची सोय सापडली. एकदम शांत वाटलं. डॉक्टरांना सांगायला हवं.

बुधवार, १२ मार्च

जमलं!!

जागा मागत बसायचं कशाला? आलेलं नाव वाचायला मी एक डबा केलेलाच होता, चांगला चौसष्ट अक्षरांचा. नाव आलं की आधी त्या डब्यात पडतं. मग बाण सरळ डब्याकडेच वळवला. पहिलं नाव डब्यात, पहिला बाण डब्याकडे. दुसरं नाव डब्यात, दुसरा बाण डब्याकडे. कॉपी नाही, कटकट नाही, आणि प्रोग्रॅम एकदाही आडवा झाला नाही.

थंडोबा म्हणतो, प्रत्येक नावाला वेगळी जागा घ्या, नावाच्या लांबीपेक्षा एक घर जास्त, नाव संपल्याच्या खुणेसाठी, आणि नाव त्यात कॉपी करा. एका डब्यात भागतंय तर वीस डबे कशाला? चिप स्वस्तातली आहे, तिच्यावर असला संसार मांडायचा नसतो. पण हे सांगण्यात अर्थ नाही. त्याला उधळपट्टीचीच सवय.

टेस्टिंग केलं. वीसच्या वीस ओळींत स्वतःचं नाव टाकलं. वीसच्या वीस ओळींत माझं नाव झळकलं, काना-मात्रेचा फरक नाही. बोर्डाखाली उभं राहून फोटो काढून घेतला.

गुरुवार, १३ मार्च

शंकाताई आल्या. या आमच्या टेस्टर. पगारच शंका काढण्याचा घेतात. अर्धा तास बोर्डाशी खुडबुड केली आणि माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या की सगळ्या ओळींत एकच नाव येतंय.

म्हटलं, येणारच, मी एकच नाव टाकलंय. त्या म्हणाल्या, नाही हो, मी वेगळी टाकली...

पुढचं ऐकलं नाही. कानशिलं तापली होती. माझ्या डोळ्यांदेखत बोर्ड चालला आणि या मला सांगणार? खोलीबाहेर गेलो. पॅसेजमध्ये दोन ग्लास पाणी प्यायलो. काचेतून पाहिलं तर बाई माझ्या रिकाम्या खुर्चीला हातवारे करून समजावत होत्या. त्यांचं बोलणं संपल्यावर परत आलो. हाच उपाय खरा. डॉक्टर हुशार आहेत.

सोमवार, १७ मार्च

साहेबांनी विचारलं, टेस्टिंग झालं? म्हटलं, झालं, फोटोसकट. फोटो बघून साहेब खूश. शंकाताईंना कंपनीच्या दुसऱ्या, लिफ्टमधल्या बोर्डाच्या साइटवर धाडलं, महिनाअखेरपर्यंत. जाताना दारातून म्हणत होत्या, निदान दोन वेगळी नावं टाकून बघा हो. हात जोडले आणि दार लावून घेतलं.

थंडोबा म्हणाला, मी एकदा नजर टाकू का?

म्हटलं, टाक की. स्वतःच्या कोडवर टाक.

गुरुवार, २० मार्च

आज एकदाही चिडलो नाही. सुट्टी घेतली होती.

(संध्याकाळी) गॅसवाला आला नाही. चिडलो.

रविवार, २३ मार्च

सासऱ्यांना घरीच डेमो दिला, म्हणजे मनात किंतू नको. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला, तोंड त्यांच्याकडे. मी पलीकडे. या वेळी मुद्दाम वेगवेगळी नावं घातली, शंकाताईंच्या नाकावर टिच्चून : त्यांचं, हिचं, मेहुणीचं, साडूचं, सगळ्यात शेवटी माझं.

सासरे अगदी नाक टेकवून बघत राहिले. मग म्हणाले, जावईबापू, सगळीकडे तुमचंच नाव दिसतंय.

मोतीबिंदू इतका पिकलाय, याची कल्पना नव्हती. माणसाला पाच वेगवेगळी नावं सारखीच दिसावीत! म्हटलं, बाबा, आता एक दिवस उशीर नको.

ते हट्टाला पेटले. म्हणाले, मला चहाचा कप दिसत नसेल, पण एवढी मोठी अक्षरं दिसतात, पाचही ओळींत तुम्हीच आहात. हिला हाक मारली. ही स्वयंपाकघरातून हात पुसत आली, वाकून पाहिलं, आणि म्हणाली, अहो, खरंच की.

म्हणजे हिचेही डोळे गेले! घराण्यातच आहे.

लॅपटॉप फिरवून मला दाखवायला लागले तेव्हा मात्र माझा तोल गेला. ज्याने बोर्ड लिहिला त्याला बोर्ड दाखवता? झाकण लावलं आणि खोलीबाहेर गेलो. गच्चीत फेऱ्या मारल्या. खाली आलो तेव्हा सासरे हिला विचारत होते की यांना असं मध्येच उठून जायची सवय पहिल्यापासून आहे का.

हिच्याही डोळ्यांची तपासणी करून घ्यायची. एकाच फेरीत.

बुधवार, २६ मार्च

बोर्ड लागला. भिंतीवर काय दिसतो! वेटिंग रूमभर निळ्या खुर्च्या, समोर काळाभोर बोर्ड, त्यावर हिरवी अक्षरं. हॉस्पिटलच्या इलेक्ट्रिशियनने चाचणीला स्वतःचं नाव टाकलं. लगेच आलं. टाळ्या. मॅनेजरबाईंनी माझा हात हातात घेऊन आभार मानले.

थंडोबा शेजारी उभा होता. म्हणाला, आणखी एक नाव टाकून बघायचं का? भर टाळ्यांत! काही माणसांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवतच नाही.

सासऱ्यांची पिशवी भरून झाली. हिने त्यांचा आवडता शर्ट इस्त्री केला. सासरे दोनदा म्हणाले, आता तू बाहेर निवांत बसशील. हिने मान डोलावली. मलाही भरून आलं. राग औषधालासुद्धा नाही.

गुरुवार, २७ मार्च, दुपार

हॉस्पिटलवाले मूर्ख आहेत. सगळे. एकजात.

क्रमाने लिहितो, म्हणजे डोकं थंड होईल.

नऊ वाजता त्यांनी आजच्या पेशंटची यादी बोर्डात भरली. आम्ही सगळ्यात उशिरा पोहोचलो म्हणून सासरे यादीत शेवटी. त्यांना हिरवा झगा नि टोपी घातली, एका डोळ्यात थेंब सोडले आणि बोलावीपर्यंत हिच्याशेजारी बसवलं. वेटिंग रूम गच्च भरलेली. मी बोर्डाकडे पाठ करून उभा राहिलो, लोकांच्या चेहऱ्यावरचं कौतुक दिसावं म्हणून.

बोर्ड सुरू झाला. कौतुक काही दिसेना. एक आजी उठल्या आणि काउंटरवर जाऊन विचारायला लागल्या की माझ्या मुलीचं नाव कुठे गेलं, आत्ता तर तिला आत नेलीत. मागोमाग एक दाढीवाला. मग एक नवराबायको. मग सगळेच. आमचा माणूस कुठंय, आमचा माणूस कुठंय! काउंटरवरच्या मुलीची पार भंबेरी उडाली.

मी वळून पाहिलं. पहिल्या ओळीत सासऱ्यांचं नाव. दुसऱ्या ओळीत सासऱ्यांचं नाव. वरपासून खालपर्यंत सासरेच सासरे.

ऑपरेशनं मात्र ज्याची त्याची. पाठ नसती फिरवली तर सासऱ्यांच्या आधी पोहोचलो असतो. ते एव्हाना बोर्डाशी जाऊन उभे होते आणि थेंब न टाकलेल्या डोळ्याने मोठ्याने वाचत होते. स्वतःचं नाव, गुडघा बदलणे, सुरू आहे. स्वतःचं नाव, अपेंडिक्स, आत नेलं. स्वतःचं नाव, सिझेरियन, झालं.

मग माझ्याकडे वळून, अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं विचारलं, जावईबापू, हे सगळं माझं करणार आहेत?

कोणीतरी हसलं. माझं टाळकं सटकलं. म्हटलं, बाबा, शेवटची ओळ बघा, तुमची ओळ शंभर टक्के बरोबर आहे! आणि ते खरंच होतं! त्याबद्दल कोणी एक शब्द बोलत नाही.

ही तोवर रडवेली. म्हणाली, बाबा, मी आहे ना इथे, बोर्ड जाऊ द्या. सासरे म्हणाले, तू आहेस गं. पण तुला कळणार कुठून? त्या आजींना कळलं का? मुलगी आत, आणि त्या बाहेर माझं नाव वाचत बसल्यात.

टोपी काढून खुर्चीवर ठेवली आणि झग्यासकट चालायला लागले. ही शर्टाची पिशवी घेऊन मागे धावली. टॅक्सीवाल्याने आधी घ्यायला नकार दिला, पेशंट पळतोय समजून.

मी जाऊ शकलो नाही. दाढीवाल्याने माझा दंड धरला होता. हा बोर्ड तुम्ही केलाय का, म्हणे. मी इलेक्ट्रिशियनकडे बोट दाखवलं.

शुक्रवार, २८ मार्च

थंडोबाने माझ्या खुर्चीत बसून दुरुस्ती केली. माझ्या खुर्चीत! प्रत्येक नाव मोजायचं, तेवढी आणि वर एक घर जागा मागायची, नाव त्या जागेत कॉपी करायचं, मग बाण तिकडे वळवायचा. पाचसहा ओळी. पुढच्या वेळी मी हेच करणार होतो.

साहेबांना नीट समजावून सांगितलं, की वीसच्या वीस बाण बिनचूक होते, एकही हलला नाही, सगळे जिथे रोखले तिथेच रोखलेले. डब्यातलं नाव दर वेळी बदललं, त्याला बाण काय करणार? साहेब म्हणाले, डबा कोणी एक ठेवला?

खोलीबाहेर गेलो. परत आलो तर बोर्डाचं काम थंडोबाकडे गेलं होतं आणि माझ्याकडे माहितीपुस्तिका लिहायचं आलं होतं. तिच्यात एक सूचना ठळक अक्षरात घालणार आहे : यादी सावकाश भरावी.

सोमवार, ३१ मार्च

शंकाताई परत आल्या. नुसता नमस्कार केला. हा अपमान मी विसरणार नाही.

बुधवार, २ एप्रिल

सासरे ऑपरेशनचं नाव काढू देत नाहीत. जिना उतरताना भिंत चाचपतात. ही माझ्याशी जेवायला वाढण्यापुरतं बोलते. मी सांगितलं, बोर्ड आता दुरुस्त झालाय, वेगवेगळी नावं येतात, मी स्वतः पाहिलं, पुन्हा तारीख घेऊ. म्हणाली, बघू. ‘बघू’ या शब्दाचा मला किती राग येतो हे तिला माहीत आहे.

संकल्प : सासऱ्यांना मी स्वतः राजी करणार. शांतपणे. पंधरा मिनिटांत.

शनिवार, ५ एप्रिल

राजी करायला गेलो. चौथ्या मिनिटाला भांडण झालं. ते म्हणाले, खोटा तराजू मी जागच्या जागी सील करत असे. मी म्हटलं, तराजू वेगळा, बोर्ड वेगळा. ते म्हणाले, हो, तराजूवर निदान दुकानदाराचं नाव तरी दुकानदाराचंच असतं. दार आपटून निघालो. दार दुसऱ्याच खोलीचं निघालं. त्यातून पुन्हा त्यांच्यासमोरूनच बाहेर यावं लागलं.

मंगळवार, ८ एप्रिल

ही बाबांना घेऊन मेहुणीकडे गेली, आठवडाभर. बरं झालं. त्या निमित्ताने हवापालट. तोवर मी सी पुन्हा पहिल्यापासून करणार. दोन प्रकरणं आज, दोन उद्या.

गुरुवार, १० एप्रिल

पहिल्या प्रकरणात लेखक फारच प्राथमिक गोष्टी सांगतो. राग आला. झोपलो.

मंगळवार, १५ एप्रिल

संध्याकाळी ऑफिसातून आलो तर सासरे आमच्या हॉलमध्ये. काळा चष्मा लावून. मी दारात चप्पल काढतोय तोच तिकडून म्हणाले, जावईबापू, शर्टाचं वरचं बटण तुटलंय तुमचं.

मी बटणाकडे पाहिलं. मग चष्म्याकडे. मग हिच्याकडे.

मेहुणीकडच्या आठवड्यातच उरकलं होतं. मेहुणीच्या घराजवळ एक लहानसं डोळ्यांचं हॉस्पिटल आहे, दोन खोल्यांचं. तिथे बोर्डबिर्ड नाही. सासऱ्यांनी आधी डॉक्टरीणबाईंना विचारलं म्हणे, माझ्या मुलीला बाहेर कसं कळणार? त्या म्हणाल्या, मी येऊन सांगेन. तेवढ्यावर हे तयार झाले. त्या खरंच मध्ये एकदा दारात आल्या, हिला म्हणाल्या, छान चाललंय, आणि परत आत गेल्या. दुसरा डोळा पुढच्या महिन्यात.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ही म्हणाली, तुम्ही चिडला असता.

यावर मी चिडलो.

तिने चिडू दिलं. माझं ओरडून झाल्यावर विचारलं, चहा टाकू? मी विचारलं, बाहेर तुझ्याजवळ कोण बसलं होतं? म्हणाली, कोणी नाही, ताई मुलांची परीक्षा म्हणून घरी होती. मी विचारलं, भीती वाटली का? म्हणाली, खूप.

मला वाटलं होतं ती आणखी काही म्हणेल. ती चहा टाकायला गेली. मी हॉलमध्ये सासऱ्यांसमोर बसलो आणि ते माझ्या चेहऱ्याकडे स्वच्छ नजरेने बघत राहिले.